ओढ्यापलीकडच्या शाळेसाठी कतारला

कतारहून परत आले तेव्हा गावात पहिला प्रश्न आला, "बाई, सोनं स्वस्त आहे का हो तिकडं?" दुसरा आला, "खजूर आणलेत का?" खजूर आणले होते. सोन्याच्या दुकानात मी पाऊलसुद्धा टाकलं नाही. अकरा दिवस राहिले आणि त्यातले बरेचसे एका सत्त्याऐंशी वर्षांच्या हट्टी माणसाची मनधरणी करण्यात गेले. हट्टात मीही काही कमी नाही, असं आमच्या घरचे म्हणतात.

आधी शाळेचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ओढ्याच्या अलीकडे मोठी मराठी शाळा होती आणि पलीकडे आणखी एक, दगडी भिंतींची, एकाच खोलीची. अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी ती वेगळी काढलेली. स्वातंत्र्यानंतर मुलं एकत्र बसू लागली आणि ती खोली ओस पडली. मग तिथे रेशनचं धान्य ठेवलं, मग पंचायतीचे पाईप आणि विजेचे खांब. आता पंचायतीला ती पाडून व्यापारी गाळे काढायचे होते. आम्ही चार-पाच निवृत्त माणसं समिती करून मागे लागलो, की पाडू नका, तिथे गावाच्या इतिहासाचं लहानसं संग्रहालय करू. पंचायत म्हणाली, वेगळी शाळा होती याला पुरावा काय? ती नुसती दुसरी शाळा असेल. दप्तर तर वाळवीनं कधीच खाल्लेलं. गावातही सगळे 'ओढ्यापलीकडची शाळा' एवढंच म्हणायचे, ती पलीकडे का होती हे कुणी बोलत नसे. शेवटी सरपंच म्हणाले, "महिनाअखेरच्या सभेपर्यंत तिथं शिकलेल्या कुणाचा तरी सही केलेला जबाब आणा, नाहीतर मी जेसीबी सांगतो."

तिथे शिकलेला एकच माणूस आता जिवंत आहे असं शोधाअंती कळलं. गणपत तात्या. पोस्टातून निवृत्त झालेले आणि दोन वर्षांपासून मुलाकडे कतारमध्ये. कमी ऐकू येतं म्हणून फोनवर धड बोलत नाहीत. म्हणून मीच निघाले.

आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकते. त्या शाळेचे मास्तर म्हणजे माझे आजोबा. 'गावाचा रोष पत्करून आजोबांनी त्या मुलांना शिकवलं' हे वाक्य ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. त्या वाक्याच्या जोरावर मी स्वतः तेहतीस वर्षं मास्तरीण म्हणून काढली. जाताना आजोबांचा फोटो पिशवीत घेतला होता. संग्रहालयाच्या समोरच्या भिंतीवर तो मोठा करून लावायचा, असं समितीत ठरलेलं होतं. समितीत मी आणि माझा थोरला भाऊ दोघंही असल्यामुळे ते ठरायला वेळ लागला नव्हता.

मदिनत खलीफा

दोह्यात उतरले ती माझ्या भाचीकडे, केतकीकडे. ती आणि तिचा नवरा दोघंही कंप्यूटरवाले, दोन वर्षांच्या करारावर आलेले. मदिनत खलीफा म्हणजे उंच कुंपणांच्या बंगल्यांची वस्ती. एकेका बंगल्याचे तीन-चार तुकडे करून भाड्यानं दिलेले असतात, तसा एक तुकडा त्यांचा. जानेवारी होता, हवा आपल्या दिवाळीतल्यासारखी. आणि मी मूर्ख, वाळवंट म्हणून नुसत्या सुती साड्या घेऊन गेलेली. पहिल्याच दिवशी केतकीचा स्वेटर अंगात चढवला तो शेवटपर्यंत काढला नाही.

खाण्यापिण्याची मात्र चंगळ. करक म्हणून एक चहा मिळतो, दाट, वेलची घातलेला, गाडीचा हॉर्न वाजवला की दुकानातला माणूस गाडीशी आणून देतो. आपल्याकडे चहासाठी असा हॉर्न वाजवला तर टपरीवाला कप अंगावर फेकेल. रगाग नावाची कागदासारखी पातळ कुरकुरीत भाकरी खाल्ली, ती आपल्या मांड्याची चुलतबहीणच. मासे घातलेला मसालेभातही खाल्ला, त्याला मचबूस म्हणतात. त्यात सुकं लिंबू अख्खं घालतात. ते मी आमसूल समजून चावलं आणि पाच मिनिटं तोंड वाकडं करून बसले.

"मावशी, विलाससरांना फोन करते," केतकी म्हणाली, "ते गाडी पाठवतील. त्यांचं प्लांट मेसईदला आहे, चाळीस-पन्नास किलोमीटर तरी असेल."

विलास म्हणजे तात्यांचा मुलगा. खतांच्या कारखान्यात मोठा इंजिनियर. पण ज्याच्याकडे काम घेऊन जायचं त्याच्याच गाडीतून कसं जायचं? मी म्हटलं, बस असेल ना, बसनं जाईन. केतकीनं मोबाईलमध्ये बसचा नंबर काढून दिला आणि ती ऑफिसला गेली. तो नंबर लिहिलेला कागद मी घरीच विसरले.

सईदची बस

लोक मेसईदला 'उम्म सईद' किंवा नुसतं 'सईद'ही म्हणतात असं केतकीच्या नवऱ्यानं सांगितलं होतं. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मोठ्या रस्त्यावर एक पांढरी बस थांबली. मी ड्रायव्हरला विचारलं, "सईद?"

त्याचा चेहरा उजळला. "हाँ हाँ, सईद!"

मी चढले. आत सगळे निळ्या कामाच्या कपड्यातले पुरुष. त्यांनी गडबडीनं पुढची सीट मोकळी करून दिली. मला वाटलं, काय संस्कारी लोक आहेत! अर्ध्या तासानं बस थांबली तर समोर समुद्र नाही की कारखाना नाही. टायरची दुकानं, गॅरेजं, गोदामं, आणि लांबच लांब एकसारख्या इमारती, ज्यांच्या खिडक्याखिडक्यांत कपडे वाळत घातलेले. ड्रायव्हरला म्हटलं, "ये सईद है?"

"नहीं माँजी, ये इंडस्ट्रियल एरिया है। सईद तो मैं हूँ।"

ती कंपनीची बस होती, कामगारांना ने-आण करणारी. पेशावरच्या या भल्या माणसाला वाटलं होतं, की कुणाची तरी आई त्याला नावानं शोधत आली आहे. आणि बसमधल्या तीस माणसांपैकी एकाचीही मला 'उतरा' म्हणायची छाती झाली नव्हती. सगळे हसले, मीही हसले. मग विलासला फोन करावाच लागला. तो येईपर्यंत सईदनं मला एका टपरीवर बसवून चहा पाजला.

मी बोलता बोलता म्हटलं, की माझ्या भाचीच्या घराजवळ छान बाग आहे, सुट्टीच्या दिवशी तिकडे या. तो म्हणाला, "वो फॅमिली के लिए है माँजी। हम तो बॅचलर हैं।"

"शादी नहीं हुई?"

"हुई ना। चार बच्चे हैं।"

तो थट्टा करतोय असं वाटलं. पण नाही. बायकामुलं इथे आणता येत नाहीत अशा माणसाला इथे बॅचलरच म्हणतात, मग तो चार मुलांचा बाप असो की सात नातवंडांचा आजोबा. बरीच ठिकाणं 'फक्त फॅमिलीसाठी' असतात. कुणी कुणाला 'येऊ नको' म्हणत नाही, एक साधा शब्द ते काम करून टाकतो. मला हसू आलं आणि लगेच थांबलं. आम्हीही काही कमी नव्हतो. आमचा शब्द होता 'पलीकडची'.

मेसईद

विलास सत्तावन्नचा, टापटीप, कमी बोलणारा. गाडीत तो फक्त एवढंच म्हणाला, "मॅडम, फोन करायचा ना. उगाच त्रास झाला तुम्हाला." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट वाळवंट. आमच्या माणदेशाचं पाणी आणखी शोषून घेतलं तर ते असंच दिसेल. मग धुराड्यांच्या टोकांवर जळणाऱ्या ज्वाळा दिसू लागल्या, आणि त्यांच्यापासून जरा बाजूला कंपनीची वसाहत, एकसारखी घरं, दारापुढे बोगनवेल.

सुजातानं, म्हणजे विलासच्या बायकोनं, बाजरीची भाकरी आणि झुणका करून ठेवला होता. वाळवंटात बाजरीची भाकरी बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची मुलगी मीरा बारावीत. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तात्या कोपऱ्यात सोफ्यावर, पायांत लोकरीचे मोजे, डोक्याला मफलर.

मी वाकून नमस्कार केला, गाव सांगितलं, मोठ्या आवाजात शाळेचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते. गावातल्या विहिरीचं विचारलं, कुणाकुणाचं विचारलं. बोलणं चांगलं रंगलं म्हणून मला हुरूप आला. मी पिशवीतून आजोबांचा फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"ओळखलंत का तात्या? तुमचे मास्तर. मी त्यांची नात."

तात्यांनी फोटो बराच वेळ धरून ठेवला. मग तो टीपॉयवर पालथा ठेवला.

"पाडा ती शाळा," ते म्हणाले. "पाडा आन् गाळं काढा. तेवढीच पोरास्नी दुकानं व्हतील."

मला वाटलं ऐकण्यात काही घोटाळा झाला. मी परत सांगू लागले, संग्रहालय, पुढच्या पिढीला कळावं वगैरे. ते उठले आणि काठी टेकत आत निघून गेले.

विलास मला सोडायला बाहेर आला. "मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "मलाही हे नकोच होतं. इथे मला कुणी 'गावात घर कुठे' असं विचारत नाही. बॅज नंबर विचारतात. मराठी लोक भेटले की मात्र आडनाव झालं, गाव झालं, की मग गावातली आळी विचारतात. तुम्हाला माहीतच आहे कशासाठी ते. तुमच्या संग्रहालयात बाबांचं नाव लागलं की ते पुसता येणार नाही."

"पुसायचंच कशाला?" मी म्हटलं.

"ते तुम्ही म्हणू शकता," तो शांतपणे म्हणाला.

पण तेवढ्यावरून काम सोडायचं, असं माझ्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी सुजाताला म्हटलं, मी परवा पुन्हा येते. ती म्हणाली, "या की. भाकरी खायला या." परवा गेले. तात्यांनी पावसापाण्याचं, ऊसदराचं सगळं विचारलं. शाळेचं नाव काढलं की कानातलं मशीन काढून ठेवायचे. त्यानंतर पुन्हा गेले तेव्हाही तेच. तोवर माझ्या मुक्कामाचे चारच दिवस उरले होते, आणि मीराला माझी दया आली.

"आजी, there's a museum in Doha," ती म्हणाली. "आम्ही स्कूल ट्रिपला गेलो होतो. It's about slaves. आजोबांना दाखवू या का?"

तिच्या तोंडून पहिल्यांदाच दोन अख्खी मराठी वाक्यं आली, म्हणून असेल, किंवा नातीनं विचारलं म्हणून असेल, तात्या तयार झाले.

पुन्हा दोहा

शनिवारी सकाळी विलासनं सगळ्यांना गाडीत घालून आणलं. दोह्याच्या जुन्या बाजाराजवळ, चकचकीत उंच इमारतींच्या पायथ्याशी, चार-पाच जुनी घरं राखून ठेवली आहेत. त्यातलं एक घर गुलामांच्या व्यापाराचं संग्रहालय आहे. आत पांढऱ्या भिंती, मधोमध चौक, अंधारलेल्या खोल्यांत पडद्यांवर बोलणारी माणसं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेली, मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारायला लावलेली माणसं. त्यांचीच पतवंडं आज इथली नागरिक आहेत आणि त्यांच्यातले काही पडद्यावर बोलतात.

मीरा पाट्या वाचायची आणि आजोबांच्या कानाशी मराठीत सांगायचा प्रयत्न करायची. "आजोबा, ही लोकं... म्हणजे त्यांना buy करायचे. विकत घ्यायचे. मग ते पाण्यात जायचे, आणि मोती काढले ते मालकाचे." शब्द अडले की ती माझ्याकडे बघे, मी शब्द द्यायची. तात्या प्रत्येक पाटीपाशी थांबत होते. विलास मागे, हात पाठीशी बांधून.

शेवटच्या खोलीतून चौकात आलो. तात्या बाकावर बसले. म्हणाले, "हे घर कुणाचं व्हतं? त्या गुलामांचं?"

"No, आजोबा. विकणाऱ्याचं. Dealer होता ना, त्याचं घर."

"आन् हे त्याच्याच गाववाल्यांनी लावलंय? त्याचं नाव पुसलं न्हाय?"

"नाही. घराला अजून त्याच्याच नावानं ओळखतात."

तात्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग माझ्याकडे वळले. "बाई, ती खिडकी हाय का अजून?"

त्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी आहे. विचित्रच आहे, जमिनीपासून जेमतेम हातभर उंच. आम्हाला वाटायचं रेशनवाल्यानं माप घालायला फोडून घेतली असेल. समितीनं पंचायतीला नमुना दाखवायला खोली साफ करून घेतली होती, आणि ती खिडकी विटांनी बुजवायला गवंडी सांगितला होता. कारण समोरची भिंत सलग हवी होती, आजोबांच्या फोटोसाठी.

"आहे," मी म्हटलं. "पण बुजवणार आहेत."

"का बुजवता?" तात्यांचा आवाज एवढा चढला, की दारातला पहारेकरी बघू लागला. "तीच तर शाळा व्हती. आमी आत आन् मास्तर भाईर. लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचा, खिडकीतनं शिकवायचा. चार वरसं मी शिकलो, त्यानं एकदाबी आत पाऊल टाकलं न्हाय. वेताच्या टोकाला खडू बांधला व्हता. आमी पाटी खिडकीशी धरायची, आन् तो लांबनं त्या वेतानं बरुबर-चूक करायचा. पाऊस आला की तो भिजायचा, आमी कोरडी." एवढं बोलून ते खरंच हसले. "आमी पावसाला लई हाका मारायचो."

खरं सांगते, पहिल्यांदा मला तात्यांचाच राग आला. वाटलं, म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतो. माझ्या आजोबांच्या मांडीवर बसून मी बाराखडी शिकले होते.

"शिकवायचा मातुर चांगला," तात्या म्हणाले. "त्याच्या गणितावर मी पोस्टात लागलो. हेबी लिवा. पर एक दिस माझ्या धाकट्या भावाला, किसनला, वर्गातच इंचू चावला. सात वर्साचं पोर, वरडत व्हतं. मास्तर खिडकीला धरून भाईर हुबा. 'वर दोरी बांधा, अजून वर बांधा,' म्हणून वरडत व्हता. रडत व्हता, बाई. डोळ्यांतनं पानी वहात व्हतं त्याच्या. पर आत आला न्हाय. दारातनं चार पावलं, तेवढी टाकली न्हाय त्यानं."

मीरानं आजोबांचा हात धरला.

"किसन वाचला. म्हातारा हून चार वर्सांमागं गेला. पर मरंस्तवर एकच इचारायचा, आन्ना, तो रडत व्हता, तर आत का न्हाय आला?"

विलास खाली बसला, चौकाच्या पायरीवर, आपल्या इस्त्रीच्या पँटसकट. "काका हे विचारायचे," तो म्हणाला. "मला वाटायचं, म्हातारपणाचं बरळणं. कोण आत आला नाही, हे मी कधी विचारलंच नाही."

तात्या मला म्हणाले, "जबाब देतो. पर माझी अट हाय. नुस्तं माझं नाव लावायचं न्हाय. मास्तरचंबी लावायचं. नावानिशी. आन् खिडकी बुजवायची न्हाय."

मी चौकाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि दादाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन लावला. सगळं सांगितलं. तो उसळलाच.

"कुंदे, आजोबांवर शिंतोडे उडवायला कतारला गेलीस काय? तो म्हातारा भ्रमिष्ट झालाय."

"असेल," मी म्हटलं. "मग तू एवढंच सांग, ती खिडकी एवढी खाली का आहे? बाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या बरोबर समोर येते. ओढ्यापलीकडे जाऊन खुर्ची टाकून बसून बघ. मग मला भ्रमिष्ट म्हण."

"गवंड्यानं दोन थर चढवलेत विटांचे," तो शेवटी म्हणाला.

"काढायला सांग," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आजोबांची लाज वाटत होती आणि आजोबांची आठवणही येत होती, दोन्ही एकदमच, आणि दोन्ही खरंच होतं. पण त्या चौकात उभी असताना एक गोष्ट मला पक्की कळली. आतापर्यंत मी शाळा वाचवायला निघाले नव्हते. मी आमच्या घरातलं एक वाक्य वाचवायला निघाले होते. आता मात्र शाळा वाचवायची, काहीही होवो.

शेवटचा दिवस

मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी मेसईदला जबाब लिहिला. बसनंच गेले, या वेळी बरोबर बसनं. तात्यांनी सकाळी दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला होता. पोस्टातला माणूस, त्यामुळे कागदाबाबत फार काटेकोर. समासाची रेघ मारायला लावली. वरच्या कोपऱ्यात ठिकाण लिहायला लावलं, मेसईद, कतार. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. सांगताना ते नेहमीचं बोलणं सोडून सरकारी भाषेत शिरायचे, "सदरहू शाळेत मी इसम" वगैरे, आणि मीच म्हणायची, तात्या, तुम्ही बोलता तसंच सांगा.

आजोबांचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा माझं पेन थांबलं. तात्यांनी ते पाहिलं. त्यांनी घाई केली नाही, सुजाताला चहा टाकायला सांगितलं. चहा झाल्यावर मी नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"शिकवायचा चांगला, हे लिवलं?"

"लिहिलं."

"आत आला न्हाय, हे?"

"लिहिलं, तात्या."

"मंग बरुबर हाय," म्हणून त्यांनी सही केली. पोस्टातली सवय, सहीखाली तारीख आणि तारखेखाली रेघ. साक्षीदार म्हणून दोन सह्या हव्या होत्या. एक मी केली. दुसऱ्या जागेकडे बघत विलास जरा वेळ उभा राहिला. मग त्यानं खिशातलं पेन काढून सही केली, पूर्ण नाव, आडनाव, गाव, आणि गावापुढे आपण होऊन आळीही लिहिली.

संध्याकाळी त्यानं आम्हाला समुद्रावर नेलं. मेसईदला वाळूचे डोंगर थेट समुद्रात उतरतात, एका बाजूला उंट आणि दुसऱ्या बाजूला जहाजं. मीरा वाळूवरून घसरत खाली गेली. मीही गेले, नेसत्या साडीनं, आणि चप्पल वाळूत हरवून आले. सुजातानं तिची दिली.

गावी

महिनाअखेरच्या सभेला देवळाच्या सभामंडपात माणसं मावत नव्हती. जबाब मीच वाचायचा असं मी आधीच सांगितलं होतं. कुणी तरी सुचवलं, की मास्तरांच्या नावाच्या दोन ओळी गाळा, गावाची शोभा होईल. मी म्हटलं, गाळायच्या असतील तर सगळाच कागद गाळा. मग वाचला. 'रडत व्हता' हे वाक्य मी दुसऱ्यांदा पहिल्यापासून वाचलं, मागे बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून. दादा मधूनच उठून गेला. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण खिडकीतले विटांचे दोन थर काढलेले होते, आणि ते गवंड्यानं नव्हे, त्यानं स्वतःच्या हातांनी काढले होते, हे मला वहिनीकडून कळलं.

ठराव झाला. एकमतानं नाही, पंचायतीच्या सदस्यांत सात विरुद्ध चार. गाळे एस. टी. स्टँडजवळ होतील, शाळा राहील. फोटो समोरच्या भिंतीवर लागणार नाही, कारण समोर आता भिंत सलग नाही.

मी मेसईदला फोन लावला. मीरानं फोन आजोबांच्या कानाशी धरला आणि माझं एकेक वाक्य ती त्यांना ओरडून सांगू लागली. मराठीत.

"आजोबा, शाळा राहिली! खिडकी पण आहे!"

पलीकडे खोकल्याचा आवाज. मग तात्याच बोलले, "मंग उद्घाटनाला मी येतो. इलासला रजा काढाय लावतो."

मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "या, तात्या, या! तुमच्यासाठी आत अगदी पुढची खुर्ची ठेवते."

"आत?" तात्या म्हणाले. "आत मी चार वरसं बसलोय, बाई. आता मी भाईर बसतो, खुर्ची टाकून. तुमी समदी आत बसा."